बिनशिट्टीचा टर्बो

कोपरखैरण्याच्या आमच्या दोन खोल्यांच्या बैठ्या घरात माणसं तीन, पण बोलणं निघायचं ते चौथीचं. ती चौथी म्हणजे टोचनची गाडी. बंद पडलेले ट्रक-टेम्पो साखळीला अडकवून ओढून नेणारी, पाठीवर बूम म्हणजे तिरका लोखंडी हात असलेली, जुन्या डिझेल इंजिनाची. ती बाहेर रस्त्याच्या कडेला उभी असायची, पण तिला आज काय झालं, काल ती का रुसली, तिनं तेल किती प्यायलं, याची चौकशी सकाळच्या चहापासून सुरू व्हायची. आई भाकरी थापता थापता म्हणायची, "माझं डोकं चार दिस ठणकतंय, त्याचं कुनी इचारत न्हाई. गाडीला शिंक आली की दोघं बापलेक पळत्यात." बापलेक म्हणजे अण्णा आणि मी. मी एकुलती एक, घरातली सुनी, आणि त्या वेळी पॉलिटेक्निकात मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला होते. वर्गात मुली दोनच, त्यातली दुसरी लग्न होऊन गेली, त्यामुळे मी एकटीच उरले होते.

अण्णा मूळचे साताऱ्याकडचे, कोरेगावच्या अलीकडचे. घाऊक बाजारात माथाडी म्हणून वीस वर्षं त्यांनी पोती वाहिली. मग एके दिवशी साखरेचं पोतं पाठीवर घेताना कंबरेत कट्‌ असा आवाज आला, आणि ते पोत्यासकट खाली बसले. डॉक्टरांनी बजावलं की यापुढे वजन उचललंत तर चालायचं विसरा. दोन महिने ते आडवे होते. आई तव्यावर जाडं मीठ गरम करून फडक्याच्या पुरचुंडीत बांधायची आणि त्यांची पाठ शेकायची. आजही कुठे मीठ भाजल्याचा वास आला की मला ती खोली दिसते, पालथे पडलेले अण्णा दिसतात आणि त्यांचा भिंतीकडे वळवलेला चेहरा. माणूस आजारी पडला की चिडतो, रडतो. अण्णा नुसते गप्प झाले होते. त्या गप्पपणाची मला जेवढी भीती वाटली तेवढी पुढे आयुष्यात कशाचीच वाटली नाही.

त्या गप्पपणातून त्यांना बाहेर काढलं बोनकोड्याच्या काशिनाथकाकांनी. काका आगरी. त्यांची भातशेती नव्या शहराच्या पोटात गेली होती आणि स्वस्थ बसणं त्यांच्या रक्तात नव्हतं. बाजारात दोघांची ओळख झाली होती. काकांनी ही जुनी गाडी शोधली आणि अण्णांना म्हणाले, "तू चालव, मी साखली बांधतां. तुजे पाठीला काय व्हयाचा नाय, वजन गारी उचलंल." अर्धी गाडी त्यांची, अर्धी आमची. काका आले की हातात हमखास सुकटीची पुडी असायची. आईनं त्यासाठी एक वेगळी कढई ठेवली होती, आणि काका तीत सुकट परतत असताना ती स्वतः वासामुळे ओसरीत येऊन बसायची. चार-सहा महिन्यांनी मात्र कढईत डोकावून "कांदा कमी पडलाय भावजी" असं सांगण्यापर्यंत तिची मजल गेली.

आमच्या नाक्यावर टोचनच्या सहा गाड्या उभ्या राहायच्या आणि नाक्याचा एक कायदा होता. आलेलं काम ज्याचा नंबर असेल त्याचं, कुणी पळत जाऊन पुढे घुसायचं नाही. चहाच्या टपरीच्या फळीवर खडूनं दोन रांगा लिहिलेल्या असत. एक हलक्या कामाची, म्हणजे रिक्षा, मोटारी, छोटे टेम्पो. दुसरी वजनाची, म्हणजे भरलेले ट्रक. पोट भरायचं ते वजनाच्या रांगेवर, कारण महापेहून शिळफाट्याकडे चढणारा रस्ता रोज एखाद-दुसरा भरलेला ट्रक गिळायचाच. पण त्या रांगेचा नियम कडक होता. चढावर ज्याची गाडी वजनाला हरली, त्याचं नाव त्या रांगेतून पुसलं जायचं. परत लिहायचं तर दोन मालकांच्या देखत भरलेली गाडी चढावरून ओढून दाखवावी लागे. लेखी काही नव्हतं, पण तो नियम मोडल्याचं मी पाहिलं नाही.

आमच्या गाडीचा टर्बो म्हातारा झाला तिथून हे प्रकरण सुरू झालं. ज्यांना यंत्रातलं कळत नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगते: इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम धुराच्या जोरावर टर्बोतलं एक चक्र फिरतं, ते आपल्या दांड्यावरचं दुसरं चक्र फिरवतं, आणि ते दुसरं चक्र इंजिनात जास्तीची हवा कोंबतं. हवा जास्त मिळाली की डिझेल नीट जळतं आणि ताकद वाढते. आमचा टर्बो तेल गाळायला लागला होता, गाडी निळा धूर सोडायची. बदलायचा तर होताच, तर मग तसलाच कशाला, चांगला मोठा बसवू, असं दोघा भागीदारांच्या मनात आलं. आता मोठा म्हणजे केवढा, हे त्या काळी नाक्यावर एकाच गोष्टीवरून ठरायचं, ते म्हणजे शिट्टी. टर्बो फिरायला लागला की बारीक शीळ घालतो. ज्याची शीळ लांबवर ऐकू जाते तो जोरकस, अशी तमाम ड्रायव्हर लोकांची श्रद्धा. एखादी गाडी शीळ घालत गेली की टपरीवरचे सगळे माना वळवायचे.

भंगारात निघालेल्या कुठल्याशा परदेशी यंत्राचा एक थोरला टर्बो काकांना मिळाला. तो बसवलेल्या एका गाडीची शीळ ते स्वतः ऐकून आले होते. "मस हाय शिट्टी! बेलापूरला वाजवली तं पनवेलला आयकू जाल." अण्णांनाही तो आवडला. पण ते माझ्याकडे वळून म्हणाले, "सुने, तू शिकतीस. तू बघून सांग. तू हो म्हनलीस तर बशिवतो."

मी बघितलं, ते मला आजवर पुरलं आहे. वही काढली, पुस्तक काढलं, इंजिन पूर्ण वेगात असताना हवा किती लागेल ते मांडलं, आणि टर्बोच्या पाटीवरचे आकडे ताडून छाती फुगवून सांगितलं, "एकदम बरोबर आहे अण्णा. ताकद चांगली दीडपट होईल." माझं गणित चुकलं नव्हतं. तीन वेळा तपासलं होतं मी ते. बसवणाऱ्यानं मग एवढी हवा येणार म्हणून इंजिनाच्या पंपातून सुटणारं डिझेलही वाढवून ठेवलं. पहिल्या दिवशी गाडी ठाणे-बेलापूर रस्त्यावर रिकामी पळाली तेव्हा अशी शीळ घुमली की कारखान्याच्या गेटवरचा वॉचमन सलाम ठोकता ठोकता राहिला. घरी आईनं गोडाचा शिरा केला. मी दोनदा मागून घेतला.

चौथ्या दिवशी वजनाच्या रांगेत आमचा नंबर लागला. सळयांनी भरलेला ट्रक महापेच्या चढाखाली मेला होता. काकांनी साखळी बांधली, अण्णांनी खालूनच वेग धरून चढ घेतला, आणि निम्म्यावरच्या वळणापर्यंत सगळं ठीक चाललं. वळणावर समोरून आलेल्या एका लांबड्या ट्रेलरनं रस्ता अडवला आणि अण्णांना थांबावं लागलं. ट्रेलर गेला. अण्णांनी पहिला गिअर टाकला, क्लच सोडला, आणि गाडीनं नुसता काळा धूर ओकला. शीळ नाही, जोर नाही. पुन्हा प्रयत्न केला तर गाडी एक हात मागे सरकली. काकांनी धावत जाऊन चाकाखाली लाकडी ठोकळे घातले, नाहीतर गाडी, ट्रक आणि सळया सगळंच खाली गेलं असतं. शेवटी नाक्यावरची दुसरी गाडी आली, तिनं आधी आम्हाला वर नेलं आणि मग ट्रकला. टोचनच्या गाडीलाच टोचन! संध्याकाळच्या आत ही बातमी तुर्भ्यापर्यंत पोचली, आणि फळीवरून आमचं नाव पुसलं गेलं.

अण्णा मला रागावले असते तर बरं झालं असतं. ते हातपाय धुऊन जेवायला बसले. घेवड्याची आमटी होती, त्यांची आवडती. भाकरी कुस्करता कुस्करता म्हणाले, "पुस्तक चुकलं नसंल गं. आपलंच नशीब वाकडं." आणि तेवढ्याच शांतपणे आईला म्हणाले, "मुकादमाशी बोललोय. सोमवारपास्नं टोळीत येतो म्हनलंय." आईच्या हातातला डाव आमटीत तसाच राहिला. "अवं, डाक्टर काय म्हनला हुता?" "डाक्टर भाकरी देतोय व्हय?" एवढंच बोलून ते उठले. रिक्षा ओढून दोन घरं चालणार नव्हती हे मलाही कळत होतं. त्या दिवशी बुधवार होता. सोमवारी माझे वडील पुन्हा पोतं उचलणार होते, आणि ते माझ्या "एकदम बरोबर"मुळे. मला रडू आलं, पण त्याहून जास्त आला संताप, माझा स्वतःचा. मी मनाशी ठरवलं की सोमवारच्या आत ही गाडी चढावर उभी राहून पुन्हा निघाली पाहिजे. कशी, ते ठाऊक नव्हतं.

गुरुवारी सकाळी मी कॉलेजला न जाता महापेच्या चढावर गेले. छत्री, पाण्याची बाटली, वही आणि अण्णांचं मनगटी घड्याळ. मला एकच गोष्ट हवी होती: वजन ओढताना आपलं इंजिन नेमकं किती वेगानं फिरतं? पूर्ण वेगाचा आकडा मी पुस्तकातून घेतला होता, पण महापेचा चढ पुस्तकात नव्हता. आमच्या गाडीचा फेरे दाखवणारा काटा मोडका, आणि वजनाचं काम आम्हाला मिळणार नव्हतं. पण नाक्यावरच्या दुसऱ्या दोन गाड्या आमच्याच बनावटीच्या होत्या, गिअर तेच, चाकं तीच. मी कठड्यावर बसले. खालच्या दगडाशी गाडी आली की घड्याळ बघायचं, वरच्या दगडाशी पोचली की पुन्हा बघायचं. दोन दगडांमधलं अंतर मी आधी पावलांनी मोजून ठेवलं होतं. चाकाचा घेर मोजायला आईच्या परकराची नाडी वापरली. आईनं ती देताना "शिकल्याचा असाबी उपेग व्हतो व्हय" असं म्हणून घेतलं. ड्रायव्हर लोक जाता-येता ओरडायचे, "ए इंजिनिअर, टोल घेते काय?" "अरे, स्थळ बघायला बसलीय!" पहिल्या दिवशी कान तापले. दुसऱ्या दिवशी मी मान वर न करता नुसता हात हलवायला शिकले.

शुक्रवारी दुपारी घरी येऊन गणित मांडलं. वेग निघाला जेमतेम चालत्या माणसाएवढा. त्याला चाकाचा घेर, मग गिअर, आणि उत्तर आलं तेराशे. मिनिटाला फक्त तेराशे फेरे! आणि थांबून निघताना हजारसुद्धा नसणार. माझा तो थोरला टर्बो अठराशेच्या पुढे कुठे जागा व्हायचा. खाली त्याला पुरेसा धूरच मिळत नव्हता, आणि हवेविना वाढीव डिझेल नुसतं काळं होऊन बाहेर पडत होतं. रिकामी पळताना जो सिंह, तो वजनाखाली झोपलेला. मी गणित बरोबर केलं होतं, पण ते दुसऱ्याच कुठल्या तरी गाडीचं. पुढे नोकरीत माझ्या हाताखाली हुशार मुलं आली, भराभर आकडे मांडणारी. त्यांना मी एकच विचारत असे, "हे नक्की कुणाचं उत्तर आहे?" त्यांना ती माझी खोड वाटायची.

शनिवारी मी अण्णांना म्हटलं, "गाडी घेऊन तुर्भ्याला चला." ते म्हणाले, "आता नको सुने. झालं ते झालं." मी म्हटलं, "सोमवार अजून आला नाही." माझ्या आवाजात काय होतं कोण जाणे, त्यांनी किल्ली घेतली. काकाही सोबत आले.

तुर्भ्याला पत्र्याच्या शेडमध्ये फक्त टर्बोचंच काम करणारे एक म्हातारे मिस्त्री होते, सगळे त्यांना उस्ताद म्हणत. मी वही पुढे केली आणि सांगितलं, "मला तेराशेला हवा पाहिजे. जमलं तर हजारालाही." त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "बेटी, चाळीस साल झाले. जो येतो तो शिट्टी विचारतो. फेरे घेऊन आलेली तू पहिली." मग त्यांनी तीन टर्बो फळीवर मांडले. पहिला कंपनीचाच, जुन्या मापाचा. दुसरा आमच्याएवढाच थोरला. तिसरा दिसायला मधला. हवेच्या बाजूचं चक्र जुन्यापेक्षा एक माप मोठं, पण धुराच्या बाजूचं शंखासारखं घर अरुंद. अरुंद घरातून धूर जोरात सुटतो, त्यामुळे चक्र लवकर फिरायला लागतं. मी तिसऱ्यावर हात ठेवला.

"ह्याची शिट्टी?" काकांनी विचारलं.

"नाय येणार," उस्ताद म्हणाले. "येईल तर एकदम बारीक."

"मंग त्यो टर्बो कसला?"

उस्ताद माझ्याकडेच बघत म्हणाले, "आणि ऐक बेटी, फुकटात काय नाय मिळत. हा खाली जोर देईल, वरती दम घेईल. रिकामी गाडी पळवली तर इंजिन तापेल. पळवायची नाय. आणि पंपाचं डिझेल कमी करावं लागेल."

अण्णा पहिल्यांदा बोलले. "पळायचं कशाला? आपल्या नाक्यावर नंबर असतोय. आधी पोचून कुनाला काय मिळतंय?" टर्बोचं सगळं शास्त्र त्यांनी एका वाक्यात आमच्या नाक्यावर आणून ठेवलं होतं. पण लगेच त्यांचा चेहरा पडला. "बशिवला आन् ह्योबी न्हाई चालला तर?" मी म्हणाले, "तर मी सोमवारी तुमच्याबरोबर बाजारात येईन, पोती शिवायला." ते चिडले, "तोंड सांभाळ!" पण त्यांनी उस्तादांना मान हलवून होकार दिला. उस्तादांनी थोरला टर्बो बदल्यात ठेवून घेतला. म्हणाले, शिट्टीवाल्यांची कमी नाही, उद्याच गिऱ्हाईक येईल.

रविवारी सकाळी आम्ही नाक्यावर गेलो. गाडी इतकी गुपचूप आली की टपरीवर हशा पिकला. "काय अण्णा, बॅटरीवर चालवता का?" अण्णांनी वजन ओढून दाखवायची परवानगी मागितली. शहाबादी फरशीनं भरलेला एक ट्रक खाली अडून पडला होताच. नियमाप्रमाणे दोन मालक मोटारसायकलवरून मागून आले. मी कुणाला न विचारता केबिनमध्ये चढले. काका साखळी बांधून माझ्या बाजूला बसले, पायाशी ठोकळे घेऊन.

गाडीनं चढ घेतला. इंजिनाचा आवाज जड, एकसारखा; धूर जवळजवळ नाही. वळण जवळ आलं. रस्ता मोकळा होता. अण्णा तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होते, बहुधा देवाचं नाव. असेच वर पोचलो असतो तर फळीवर नाव लिहिलंही गेलं असतं. पण मी दोन दिवस त्या कठड्यावर बसले होते, मला माहीत होतं की चालती गाडी चढणं म्हणजे काहीच नाही. बुधवारीही गाडी इथवर चढतच आली होती. मी म्हणाले, "अण्णा, इथं थांबवा."

"येडी का काय!" काका ओरडले. "चाललीय ती चालू दे गो!"

"थांबवा अण्णा. आज थांबला नाहीत तर रोज या वळणावर छातीत धडधडेल."

अण्णांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मग त्यांनी ब्रेक दाबला. मागे दहा टनांची फरशी, खाली उतार, आणि मागून मोटारसायकलवाले "काय झालं, काय झालं" म्हणून ओरडत होते. काका ठोकळे घेऊन दार उघडून एक पाय बाहेर टाकून बसले. माझे हात डॅशबोर्डला चिकटले होते, आणि खरं सांगते, त्या क्षणी मला माझ्या तेराशेवर काडीचाही भरवसा उरला नव्हता.

अण्णांनी पहिला गिअर टाकला. क्लच अगदी सावकाश सोडला. गाडी दबली, थरारली, किंचित मागे गेल्यासारखी वाटली. आणि मग इंजिनाचा आवाज खालून भरत आला, साखळी ताणली, आणि गाडी निघाली. वीतभर, हातभर, मग चालत्या माणसाएवढी. काकांनी ठोकळे आत टाकले आणि दार लावून घेतलं. वर पोचल्यावर अण्णांनी गाडी कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर कपाळ टेकवलं. त्यांची पाठ हलत होती. माझे वडील रडताना मी तेवढे एकदाच पाहिले. काका खिडकीबाहेर तोंड काढून मोटारसायकलवाल्यांना आगरीत असं काही सुनावत होते की ते इथे लिहिता येणार नाही.

डोळे पुसून अण्णा म्हणाले, "सुने, मुकादमाकडं तूच जा. मी गेलो तर तो मला भिडंत पाडंल."

म्हणून सोमवारी उजाडता उजाडता मी बाजारात गेले. गाळ्यासमोर टोळी उभी होती, कुणी कांद्याच्या पोत्यांवर बसून चहा पीत होतं. मुकादम आमच्याच गावाकडचे, अण्णांना धाकट्या भावासारखे मानणारे. त्यांनी माझ्यामागे कोणी येतंय का ते पाहिलं.

मी म्हणाले, "मामा, अण्णा येणार नाहीत."

"का गं? पाठ बरी न्हाई व्हय अजून?"

"पाठ तशीच आहे," मी म्हणाले. "गाडी बरी झाली."